महिना शंभर रुपये

"उद्या माझ्या वाढदिवसाला मी तिकडे येतोय. मुलींना दहा वाजल्यापासून लेझीम घेऊन फाटकात उभं करा," शेटजी फोनवर म्हणाले. मुलींच्या वसतिगृहाचा वर्षाचा खर्च ते एकटेच द्यायचे.

"उद्या त्यांची गणिताची परीक्षा आहे," वसतिगृह चालवणाऱ्या वेणूबाई म्हणाल्या.

"मग यंदाचा चेक विसरा."

गेल्या वर्षी शेटजींनी चेक चार महिने अडवला, तेव्हा वेणूबाई गावात दारोदार फिरल्या होत्या. महिना शंभर रुपये देणाऱ्या तीनशे बारा जणांची नावं आता समोरच्या फळ्यावर होती.

"विसरले," त्या म्हणाल्या. "पण महिना शंभर रुपये देणार असाल, तर तुमचंही नाव फळ्यावर लिहू. नंबर तीनशे तेरावा, कडूबाई भाजीवालीच्या खाली."