निळ्या काठाचे कप

बॅलिमोरनच्या जमीनदारांचं मोठं घर बंडखोरांनी पेटवलं, तेव्हा सामान वाचवायला अख्खा गाव धावला. पण वाचलेलं काहीच परत आलं नाही. फादर टायर्नींनी चर्चमध्ये ओळीने तीन रविवार खडसावलं, तरी सगळ्यांचं उत्तर एकच, "जळालं हो सगळं, फादर." घराची शेवटची वारस मिस लेटिशिया आता फाटकाजवळच्या माळ्याच्या खोलीत राहायची आणि चहाचं एकही आमंत्रण चुकवायची नाही.

आज हॅनराहनबाईंनी बोलावलं होतं. पाहुणी मोठ्या घरची, म्हणून त्यांनी ठेवणीतले निळ्या काठाचे दोन कप काढले.

"जपून हं, मिस. त्याचा कान चिकटवलेला आहे."

"ठाऊक आहे. मीच चिकटवला होता."

हॅनराहनबाईंच्या हातातली किटली अधांतरीच राहिली.

"साखर... साखर किती घालू?"

"दोन चमचे. कप मात्र छान जपलेत हो तुम्ही."



मोठ्या घरच्या अठरा कपांपैकी सोळा आता मिस लेटिशियाचे पाहून झाले होते, आणि गावात तिला अजून चहाला बोलावलं नव्हतं ते एकट्या फादर टायर्नींनीच.