आपणहून

"शुक्रवारपर्यंत मला नाव हवंय," साहेब म्हणाले. "नाहीतर सोमवारी मुख्य ऑफिसातून सर्व्हरची नोंद मागवतो. कुठल्या मशीनवरून यादी पुसली, ते आपोआप कळेल."

ताई खुर्चीच्या काठावर बसून होती. ती टीमची प्रमुख, पण वयानं मोठे असलेले काकासुद्धा तिला ताईच म्हणत.

पाच जणांची टीम. लहान मुलांना कुठली लस कधी द्यायची, ते आईबापांना कळवणारी व्यवस्था ते बनवत होते. मंगळवारी दुपारी नऊशे मुलांची यादी पुसली गेली. राखीव प्रत महिन्यापूर्वीची. ऑफिसातून असो की घरून, सगळे एकाच पासवर्डनं आत शिरत, त्यामुळे हात कोणाचा लागला, कोणालाच ठाऊक नव्हतं.

"तुम्हाला कशाला घाम फुटलाय?" साहेब म्हणाले. "तुम्ही तर त्या दिवशी आला नव्हतात."

"लेकीला ताप होता, सर."

टेबलावर दोन कागद होते. पुढच्या कामाची पद्धत आजच ठरायची होती. म्हणायला दोन्ही अ‍ॅजाईलच, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत काम पुढे न्यायचं. साहेबांच्या कागदात तासातासाचा हिशोब आणि प्रत्येक कामावर सही. ताईच्या कागदात लहान टीम, एकच खोली, आधी बोलणं मग कागद, आणि माणसं बघून पद्धत वाकवायची. शेवटचा मुद्दा तिनं अधोरेखित केला होता. दर शुक्रवारी गोल बसायचं, ज्यानं त्यानं आपली चूक सांगायची. सांगितलेल्या चुकीसाठी कोणाची नोकरी जाणार नाही.

"ही काय बालवाडी आहे? खरं बोललं की खाऊ?"

"सर, माणसं घाबरली की चुका लपवतात. नोंदीतून तुम्हाला मशीन सापडेल, पण टीम हातची जाईल." तिनं आपला कागद पुढे सरकवला. "एक शुक्रवार द्या. यादी आपल्याकडून पुसली गेली, असं एकानं जरी आपणहून सांगितलं, तर ही पद्धत, आणि नोंद मागवायची नाही. कोणीच बोललं नाही, तर तुमची."

साहेबांनी पेन फिरवलं. "बरं."

"लिहून द्याल?"

ते हसले, पण त्यांनी लिहून दिलं. ताईनं ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये तापाच्या औषधाच्या बाटलीशेजारी ठेवलं.

गुरुवारी तिनं सगळ्यांची टेबलं एका खोलीत आणली.

"एक दिवस तुम्ही घरी राहिलात ताई, आणि आमचा बोऱ्या वाजला," काका म्हणाले. तपासणीचं काम त्यांचं, त्यामुळे नजर सगळीकडे. "आणि तुमच्या लॅपटॉपचं हे बटण कुठं गेलं?"

"घरात उंदीर झालाय. दोन दात आलेत त्याला."

जोडगोळी खदखदून हसली. प्रोग्रॅम लिहिणारे ते दोघं हसायचेही एकदम. नवी मात्र हसली नाही. तिला नोकरीला लागून दोन महिने झाले होते. तिनं नखं पार मांसापर्यंत कुरतडली होती. ताईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

दुपारी तिनं नवीला चहाला बाजूला घेतलं.

"मंगळवारी तू त्याच यादीत होतीस ना गं?"

"हो. पण ताई, मी काही पुसलं नाही. म्हणजे... मला नाही वाटत."

"वाटत नाही?"

नवीनं कुरतडलेली नखं मुठीत लपवली.

"अगं, मुद्दाम कोण करतं? हात लागतो. आपल्याला कळतही नाही." ताईनं तिचा हात धरला. "सोमवारी नोंद आली, की मग देवही वाचवायचा नाही. आधी सांगितलं तर केसालाही धक्का नाही. लेखी आहे माझ्याकडे."

"नोकरी गेली ना ताई, तर घरी..."

"कळतं गं. माझा नवरा चार महिने घरीच आहे. मला नाही कळणार तर कोणाला?"

नवीनं चहा अर्धाच ठेवला. ताईनंही.

शुक्रवारी सकाळी ताईनं डबाही भरला नाही. ऑफिसात येऊन तिनं खुर्च्या गोल मांडल्या. साहेब दाराला टेकून उभे राहिले.

"मी गेल्या महिन्यात दोन तपासण्या न करताच बरोबरची खूण केली," काका म्हणाले. "वय म्हणा, आळस म्हणा."

"आम्ही काकांचे शेरे वाचतच नाही," जोडगोळीतला एक म्हणाला.

"ते मला माहीत आहे, म्हणून तर खूण केली!"

थोडं हसू झालं, आणि विरलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"झालं? मग सोमवारी मी—"

ताईनं नवीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"मी," नवी म्हणाली आणि उभी राहिली. "माझ्याकडूनच झालं असणार. त्या यादीत दुसरं कोण होतं?"

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. साहेबांनी पेन खिशाला लावलं.

"ठीक आहे. दिलेला शब्द मोडत नाही. नोंद नको. ताई, तुमची पद्धत जिंकली."

जोडगोळीनं टाळ्या वाजवल्या. ताईनं नवीला मिठी मारली आणि इतकी रडली, की शेवटी नवीलाच तिची समजूत काढावी लागली.

संध्याकाळी घरी येऊन तिनं लॅपटॉप उघडून सतरंजीवर ठेवला आणि स्वतःही तिथंच बसली. कितीतरी दिवसांनी भूक लागली होती. फोन वाजला. नवीचा निरोप होता. 'ताई, तुमच्यामुळे वाचले. हे कधीच विसरणार नाही.'

लेक रांगत आली. लॅपटॉपपाशी थांबली, खुदकन हसली आणि तिनं पंजा उगारला.

ताईनं तो वरच्या वर पकडला.

"अंहं, राणी. मंगळवारी दाबलंस, तेवढं पुरे."