सहावी पाहुणी

दाखवण्याचा कार्यक्रम आला की आई आकांक्षाचा चष्मा काढून घ्यायची. नंबर उणे नऊ. समोरचे पाहुणे म्हणजे नुसते रंगाचे डाग. मान खाली घालून बसलेली हिरव्या लुगड्यातली एक बाई मात्र तिला काठाच्या धाग्यासकट स्वच्छ दिसे.

स्वयंपाकघरातून चष्म्यानं मोजले की पाहुणे पाच. बिनचष्म्यानं पोहे घेऊन गेलं की सहा.

शेंदूरजनाघाटचे पाहुणे आले तेव्हा बाई दाराशी होती. अकोल्याचे आले तेव्हा आकांक्षाच्या शेजारी.

"आई, मले लेसर नाही करायचं."

"काहून? जन्मभर चष्माच लावून राहशीन का?"

चष्मा लावला की ती बाई नाहीशी होते; चष्माच सुटला तर ती कायमची दिसत राहील, हे आईला कसं सांगायचं?

राजापेठेतल्या दवाखान्यात तपासणीसाठी चष्मा टेबलावर काढून ठेवावा लागला. डॉक्टर धूसर झाले, आईही धूसर झाली.

"हो म्हण ना वं, आजच तारीख घेऊन टाकू," आई म्हणाली.

आकांक्षानं आधी चष्म्यासाठी हात फिरवला. टेबल रिकामं होतं.

समोरच्या खुर्चीवर ती बाई बसली होती. आकांक्षाचा चष्मा लावून तिनं आज पहिल्यांदाच मान वर केली.