पुढची सीट

"घडीचे पिंजरे घ्या, पायाशी मावतात," मी दुकानातच ह्यांना म्हटलं. निवृत्तीनंतर दोघांनी मिळून खाडीत खेकडे पकडायचे, म्हणून तर दोन सीटची कयाक घेतली होती. ह्यांनी मोठे लोखंडी पिंजरे उचलले. "घडीच्यातून खेकडा निसटतो. तुला काय कळतंय?"

आठवडाभर अंगणात बसून ते पिंजरे सुधारत होते. तोंडं अरुंद केली, आमिषासाठी जाळीच्या पिशव्या शिवल्या, लहान खेकडे सुटावेत म्हणून बाजूला भोकं पाडली. पिल्लांची केवढी काळजी!

खाडीवर पोचल्यावर मी चपला काढून उभी राहिले. ह्यांनी पाना घेतला, कयाकची पुढची सीट सोडवून काठावर ठेवली आणि तिथे पिंजरे रचले. मला विचारलंसुद्धा नाही. मी चपला पुन्हा घातल्या.

दुपारी ते परतले ते चिडूनच. "पिंजरे पाण्यात सोडले की पुढचं टोक वर उचलतं. होडी वळतच नाही."

"मग?"

"तिथे वजन पाहिजे." रिकामी गोणी माझ्यापुढे टाकून ते म्हणाले, "वाळू भर. साधारण तुझ्या वजनाइतकी."