मागच्या चाकांची हवा

“डोकी मोजून काय होतं, जावईबापू? माणसाच्या अंगात सगळ्यात हलकं डोकंच असतं. वजन सांगा, वजन.”

जावई गाडीच्या उघड्या दाराशी उकिडवा बसला होता. गाडी सात माणसांची, अंगणाचं निम्मं अंग अडवून उभी. दाराच्या कडेला कंपनीने हवेच्या दाबाची पट्टी चिकटवली होती. थोडी माणसं असतील तर चारही चाकांत तेहतीस, गाडी भरलेली असेल तर मागच्या दोन चाकांत बेचाळीस. आपण सहा जण आणि एवढं सामान, म्हणजे भरलेलीच धरायची ना, इतकंच त्याने विचारलं होतं. पण सासऱ्यांची हयात वजनकाट्यावर ट्रक तोलण्यात गेली होती. पट्टीवरच्या माणसांच्या चित्रांवर त्यांचं समाधान कसं व्हावं? साडेचारशे किलोच्या आत असू तर तेहतीस, वर गेलो तर मागे बेचाळीस, असा कायदा त्यांनी उभ्याउभ्या करून टाकला.

“आणि आकडा खरा हवा,” ते म्हणाले. “खोटं वजन सांगणाऱ्या ड्रायव्हरला मी काट्यावरून तसाच परत पाठवायचो.”

जावयाने मान डोलावली. आज त्याला सासऱ्यांचा एकही शब्द खाली पडू द्यायचा नव्हता. सासऱ्यांच्या पाठीने संप पुकारला होता आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी घातली होती. डोंगरातल्या चार दिवसांच्या सहलीला चावी कोणाच्या हातात जाणार, हे आज ठरायचं होतं. मेहुण्याने मागच्या खेपेला फाटकाचा खांब आडवा केला होता खरा, पण तो घरचा. जावई मात्र लग्नाला दोन महिने उलटले तरी पाहुणाच. त्याला अजून पाणीसुद्धा ट्रेमधून यायचं. चावी मिळाली की हे एकदाचं संपेल, असं त्याला वाटत होतं. फार वाटत होतं.

अंगणात हजेरी झाली. सासूबाई अठ्ठावन्न म्हणाल्या. सासऱ्यांची थोरली बहीण, म्हणजे सगळ्यांची आत्या, बासष्ट म्हणाली आणि लगेच चपलेचा पट्टा नीट करू लागली. मेहुणा छाती फुगवून पंच्याऐंशी म्हणाला. बायको पंचावन्न. सासऱ्यांनी स्वतःचे बहात्तर असे ठणकावून सांगितले की शेजारच्या खिडकीतलं मांजर उठून गेलं. जावई एकसष्ट, काडीपैलवान. सामान सासऱ्यांनी आधीच तोललं होतं, पन्नास. जावयाने फोनवर बेरीज केली. चारशे त्रेचाळीस.

“तेहतीस,” सासरे म्हणाले. “भरा.”

त्याने हवेच्या यंत्राची नळी उलगडली, तोच सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली. वरच्या फळीवरचा डबा काढून हवा होता. डबा रिकामा होता.

“ते अठ्ठावन्न माझं लग्नातलं,” त्या डब्याकडे बघत म्हणाल्या. “बारा वाढवा. पण यांच्या कानावर जायला नको. आयुष्यभर मला ट्रक म्हणतील.”

तो बाहेर आला तर जिन्याखाली आत्या दबा धरून बसलेली. “तू गुणाचा आहेस,” ती म्हणाली. “माझ्यात दहा घाल.” तो दोन पावलं गेला असेल. “सोळाच घाल. घाटातला रस्ता आहे.”

मेहुण्याने त्याला गाडीच्या डिकीआड ओढलं. “भावोजी, माझे तेरा कमी करा. व्यायामशाळेत सगळ्यांना पंच्याऐंशी सांगितलंय, आता तोंडात तेच बसलंय.”

बायकोला त्याने पुन्हा विचारलं नाही. तेवढी अक्कल त्याला दोन महिन्यांत आली होती.

त्याने बेरीज परत केली. चारशे अठ्ठावन्न. माणसांनी ओसंडलेली गाडी घाटात न्यायची आणि मागे तेहतीस ठेवायचे, हे त्याच्याच्याने होणार नव्हतं.

“बाबा, मागे बेचाळीस भरतो,” तो म्हणाला. “पंधरा किलो वाढलेत.”

सासऱ्यांच्या भुवया वर गेल्या. “वाढलेत? इतक्यात कुठून वाढले? कोणाचे?”

सासूबाई खिडकीत डबा छातीशी धरून उभ्या. आत्याच्या चपलेचा पट्टा पुन्हा बिघडला. मेहुणा बंद फोनवर काहीतरी वाचू लागला. जावयाने तिघांकडे पाहिलं. नावं सांगितली तर चावी हातात होती. त्याने मनातल्या मनात चावीवर पाणी सोडलं.

“माझे, बाबा. मी कमी सांगितलं होतं. माझं वजन शहात्तर आहे.”

सासऱ्यांनी त्याला न्याहाळलं. गळपट्टीत दोन बोटं जाऊन वर वारा खेळेल असा शर्ट, बांबूसारखे हात, शेवटच्या भोकाला लावूनही सैल पडलेला पट्टा. नजरेने ट्रक तोललेला माणूस तो. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खालपासून वरपर्यंत पुन्हा पाहिलं.

“शहात्तर,” ते म्हणाले.

“हो, बाबा.”

सासरे पाठ सावरत, कण्हत त्याच्याजवळ आले. खिडकीकडे एक चोरटी नजर टाकली. मग चावी त्याच्या मुठीत कोंबली आणि कानाशी वाकून म्हणाले, “भरा बेचाळीस. आणि माझे अकरा राहिलेत, तेही तुमच्याच अंगावर घाला.”