बेवारस सेवा

वाळवंटातल्या तोझर गावाजवळ, बागांना पाणी वाटून देणाऱ्या एका छोट्या कार्यालयात रौदा सकाळपासून नवी प्रणाली बसवत होती. जुन्या संगणकांवरची सगळी कामं आता क्लाउडवर जायची होती, एकाच पडद्यावरून सांभाळायची होती. प्रणाली ओपन सोर्स, त्यामुळे शिकवायला कंपनीचा माणूस येणार नव्हता. माहितीपुस्तिका उघडून ती एकेक पायरी चढत होती. बाराला जुनी यंत्रं बंद व्हायची होती.

ती यंत्रं तीस वर्षं सांभाळलेला लझर तिच्यामागे येरझाऱ्या घालत होता. पुढच्या महिन्यात तो निवृत्त होणार होता. त्याने खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

"काका, जरा टेका की."

तो टेकला नाही.

जुन्या यंत्रांवर आपोआप चालणाऱ्या सोळा सेवा प्रणालीने शोधल्या. पंधरा सेवांपुढे जबाबदार माणसाचं नाव भरून झालं. सोळावी दर तासाला कुणा एकाला संदेश पाठवत होती. कुणाच्या हुकमाने, याची नोंद नव्हती. रौदाने विचारलं तेव्हा लझरने नुसते खांदे उडवले. बेवारस सेवा चालू ठेवू नये, असं पुस्तिका सांगत होती. तिने ती थांबवली.

अकरा वाजून गेले आणि फोन वाजला. खजुराच्या बागेतली मबारका बोलत होती. पाण्याच्या पाळीचा संदेश आला नव्हता, शेजारी पाट सोडायला तयार नव्हता आणि फावडी उगारली गेली होती.

लझरने फोन हिसकावलाच. "फोन शेजाऱ्याला दे... हं, ऐक, तुझा तास संपला. फळी टाकून तुझा पाट अडव. आता मबारकाची पाळी."

पाळ्यांचा कागद त्याने पाहिलाही नाही; सगळ्या पाळ्या त्याला तोंडपाठ होत्या.

फोन ठेवून तो खुर्चीत बसला. सहा वर्षांपूर्वी पाटावरच्या अशाच भांडणात एकाचा डोळा गेला होता. त्यानंतर त्याने कुणालाही न विचारता पाळी कळवणारी ही सेवा सुरू केली होती. सांगितलं तर चौकशी लागेल, म्हणून इतकी वर्षं तो गप्प होता.

त्याने सेवा पुन्हा चालू केली. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात एका बोटाने स्वतःचं नाव टाइप केलं.

प्रणालीने पुढचा रकाना उघडला: यांच्यानंतर कोण?

लझरचं बोट तिथेच थांबलं. रौदाने खुर्ची ओढून त्याच्या शेजारी घेतली.

"आधी सांगा काका, मबारकानंतर पाणी कुणाचं?"