अर्धपुतळा

पडदा सरकला तशा सोजरकाकू नवऱ्याच्या पुतळ्याच्या पाया पडायला वाकल्या. तिथं नुसता चौथरा होता.

मी सरपंच, मलाच ओशाळल्यासारखं झालं. "काकू, मुक्तिसंग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाचं अनुदान छातीपर्यंतच्या पुतळ्यापुरतंच आलं. काकांचे पाय काही त्यात बसले नाहीत."

"बरं झालं की," काकू म्हणाल्या. "लग्नानंतर दोन महिन्यांत हे रझाकारांशी लढायला गेले, ते गेलेच. घरात सासू-सासरे, दीर, नणंदा. मान वर करून तोंड बघायची सोय नव्हती. पायच तेवढे पाहिले बघ."

त्यांनी पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि एकदम आमच्याकडं वळल्या.

"तुम्ही सगळे जरा तिकडं तोंड करा रे."

कलेक्टरसाहेबांसकट अख्खं गाव पाठमोरं झालं.